मत कोणत्या पानावर बनलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतरांनाही कळेल. गेल्या सहा महिन्यांत तुमची अकरा पुस्तकं वाचून झाली. कुणी विचारलं, ‘कसं होतं?’ की ‘छान आहे, वाच’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. लिहायला बसलात की सगळी गोष्टच लिहून होते आणि मत राहून जातं. न आवडलेल्या पुस्तकाबद्दल तर गप्पच बसावंसं वाटतं, कारण ‘आपल्याला काय कळतं’ ही धास्ती. मग नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं कसं?

पंचवीस वर्षं मी पुस्तकांची परीक्षणं लिहितो आहे. त्यातली निम्मी वर्षं इतरांची परीक्षणं छापायला जाण्याआधी तपासण्यात गेली. शिवाय महिन्यातून एकदा पंधरा-वीस वाचक आम्ही एकत्र बसतो आणि एकाच पुस्तकावर दोन-अडीच तास बोलतो. एवढ्या काळात माझे बाकीचे सगळे प्रश्न गळून पडले. समोरच्याला, आणि त्याआधी स्वतःला, मी एकच प्रश्न विचारतो: हे मत कोणत्या पानावर बनलं?

मत पुस्तक मिटल्यावर बनतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते वाचता वाचता, ठरावीक जागी बनत असतं. कुठे तरी तुम्ही आडवे वाचत होतात ते उठून बसलात. कुठे तरी एक परिच्छेद संपल्यावर डोळे परत त्याच्या सुरुवातीला गेले. कुठे तरी प्रकरण किती उरलंय हे बघायला पुढची पानं उलटलीत. कुठे तरी चिडलात. या जागा म्हणजेच तुमचं मत आहे, फक्त ते अजून शब्दांत आलेलं नाही. शेवटी ‘छान’ म्हणता तेव्हा या सगळ्या जागा एका शब्दाखाली बुजवल्या जातात आणि मग पुढे सांगायला काही उरत नाही. तुम्ही अडता ते याचमुळे. तुमच्याकडे मत नाही, असं मुळीच नाही.

आपल्याकडे परीक्षणांची एक तयार शब्दावली आहे. ओघवती भाषा, खिळवून ठेवणारं कथानक, मनाचा ठाव घेणारं, एका बैठकीत संपवलं, वाचनीय आणि संग्राह्य. हे शब्द खोटे नसतात, लिहिणाऱ्याला मनापासून तसं वाटलेलं असतं. पण ते कुठल्याही पुस्तकाला लागू पडतात, म्हणून ऐकणाऱ्याच्या हाती या पुस्तकाचं काहीच लागत नाही. असं हस्तलिखित माझ्याकडे आलं की मी अशा शब्दाभोवती पेन्सिलीने गोल करतो आणि समासात एकच शब्द लिहितो, ‘कुठे?’

एका परीक्षणात वाक्य होतं, ‘लेखिकेची निरीक्षणशक्ती विलक्षण आहे.’ मी समासात ‘कुठे?’ लिहून कागद परत पाठवला. लिहिणाऱ्या बाईंनी दोन दिवस घेतले आणि ते वाक्य काढून त्या जागी हे लिहिलं: कादंबरीतल्या बाईचा नवरा गेलाय, आता तिच्या एकटीचेच कपडे असतात, तरी दोरीवर वाळत घालताना ती उजव्या टोकाची हातभर दोरी मोकळीच सोडते. लेखिका यावर काही भाष्य करत नाही, पुढच्या वाक्यात ती बादली उचलून आत जाते. एवढंच. मी ते पुस्तक तोवर वाचलेलं नव्हतं. त्या हातभर दोरीसाठी ते मागवलं. निरीक्षणशक्ती विलक्षण आहे हे आता वेगळं सांगायची गरजच राहिली नव्हती.

गेल्या महिन्यात आमच्या बैठकीत चेखॉव्हची एक छोटी कथा होती. १८८६ सालची, रशियन नाव ‘तोस्का’, म्हणजे आत साचून राहिलेलं दुःख. कथा अशी: आयोना नावाच्या म्हाताऱ्या घोडागाडीवाल्याचा मुलगा त्याच आठवड्यात वारला आहे आणि त्याला ते कुणाला तरी सांगायचं आहे. बर्फ पडतंय. गाडीत बसलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याला तो सांगू बघतो. तो ‘कशाने गेला?’ एवढं विचारतो आणि मग डोळे मिटून घेतो. मग तीन तरुण बसतात. त्यांतला एक म्हणतो, सगळेच मरणार आहेत, चल, हाक. एका इमारतीच्या रखवालदाराशी बोलायला जातो, तर तो गाडी पुढे घ्यायला सांगतो. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी एक तरुण गाडीवाला पाणी प्यायला उठतो. आयोना त्याला सांगतो, पण तोवर पोरगा डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेलाही असतो. शेवटी आयोना तबेल्यात जाऊन घोडीला सगळं सांगतो.

बैठकीत पहिली प्रतिक्रिया एका बाईंची आली, ‘रडू आलं.’ मी विचारलं, कुठे? सगळ्यांना वाटलं उत्तर ‘घोडीपाशी’ असेल. त्या म्हणाल्या, नाही, तो पोरगा पांघरूण ओढून घेतो तिथे. अधिकारी आणि ते तीन तरुण निष्ठुर आहेत, त्यांचा राग येतो आणि रागात माणूस रडत नाही. हा पोरगा मात्र वाईट नाही, त्याला नुसती झोप येते आहे. निष्ठुर माणसांनी नाही ऐकलं तर समजू शकतं, पण नुसत्या झोपेमुळे कुणाचं दुःख ऐकायचं राहून जातं, हे त्यांना सोसलं नाही. मी ही कथा अनेकदा वाचली आहे आणि त्या जागी मी कधीच थांबलो नव्हतो.

दुसऱ्या एका गृहस्थांचं मत अगदी उलट होतं. शेवट त्यांना सोयीचा वाटला. कुणी ऐकत नाही, मग जनावर ऐकतं, हे जरा जास्तच गोड झालं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनाही तेच विचारलं, कुठे? त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. आयोना घोडीला म्हणतो, समज तुझं एक शिंगरू आहे, तू त्याची आई, आणि ते अचानक गेलं, तर तुला वाईट वाटेल ना? इथे लेखक हात धरून रडवतो, असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात कुणी तरी पहिलं पान उघडलं. घोडी तिथे आहेच. तीही बर्फाने पांढरी झालेली, हलत नाही, आणि चेखॉव्ह सांगतो की ती बहुधा विचारात बुडालेली असावी, नांगरापासून तोडून या दिव्यांच्या आणि गोंगाटाच्या शहरात आणलेल्या कुणालाही विचार पडणारच. म्हणजे ऐकणारं जे आहे ते पहिल्या पानापासून त्याच्या समोर उभं आहे. गृहस्थ बराच वेळ ते पान बघत बसले. मग म्हणाले, घोडी मी पहिल्यांदा वाचलीच नव्हती, हे खरं, पण ते शिंगराचं वाक्य मला अजूनही जास्तच वाटतं. त्यांनी मत निम्मं बदललं आणि निम्मं ठेवलं. दोन्ही निम्म्यांना पान होतं, म्हणून दोन्ही ऐकण्यासारखे होते.

पुस्तकाबद्दल बोलण्याचं एवढं तपशिलात सांगतो आहे, कारण ‘आवडलं’ आणि ‘नाही आवडलं’ यांच्यात भांडण होऊ शकतं, बोलणं होऊ शकत नाही. बोलणं सुरू होतं ते पान उघडल्यावर.

आता तुमच्या धास्तीबद्दल, ‘आपल्याला काय कळतं’. केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना कविता वाचायला दिल्या, पण कवीचं नाव काढून टाकलं, आणि अभिप्राय लेखी मागितले. अशा तेरा कविता आणि त्यांवरचे अभिप्राय यांचं पुस्तक त्यांनी १९२९ साली छापलं. साहित्यात रस घेणारी, बरीचशी साहित्यच शिकणारी ही मुलं, तरी नामवंत कवींच्या कविता त्यांनी झिडकारल्या आणि सुमार कवितांना डोक्यावर घेतलं. रिचर्ड्सनी मग वाचकाच्या दहा अडचणींची यादी केली. त्यातली पहिली अडचण कोणती असावी? कवितेचा साधा, सरळ अर्थच न लागणं. ओळ काय म्हणते आहे हे न बघताच मुलं तिच्याबद्दल मत देत होती.

यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे अधिकार पदवीने येत नाही, ओळ नीट वाचण्याने येतो, आणि ते तुम्हाला जमण्यासारखं आहे. दुसरी म्हणजे नावाचं वजन. पुरस्कार, मलपृष्ठावरचा मजकूर, जाणत्या मित्राची शिफारस, प्रस्तावनेतली स्तुती, हे सगळं आपण वाचायला लागण्याआधीच काम करून बसलेलं असतं. मी प्रस्तावना आणि मलपृष्ठ शेवटी वाचतो. हा माझा हट्ट म्हणा, पण त्यामुळे निदान पहिली शंभर पानं माझी स्वतःची राहतात.

गोष्टच लिहून होते, ही तुमची दुसरी अडचण. गोष्ट सांगणं सोपं, कारण ती आधीच क्रमाने लावलेली असते. माझी पद्धत अशी: पुस्तक कुठला प्रश्न घेऊन बसलं आहे हे कळेपर्यंतची गोष्ट सांगायची आणि तिथे थांबायचं. वर ‘तोस्का’बद्दल मी शेवट सांगून टाकला, तो मुद्दाम, कारण वाद शेवटाबद्दलच होता. शेवट फोडला की मजा जाते का, यावर कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी बारा कथा घेऊन प्रयोग केला होता. २०११ साली त्याचे निष्कर्ष आले, त्यात शेवट आधी माहीत असलेल्या वाचकांना कथा किंचित जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटही आढळलं. तेव्हा यावर ठाम नियम करू नका. रहस्यकथेचा शेवट मात्र मी कधीच सांगत नाही. लेखकाने तो जपून ठेवलेला असतो आणि तो उघडण्याचा हक्क वाचकाचा आहे.

गोष्ट सांगताना आणखी एक घोटाळा होतो, तो जास्त गंभीर आहे. आपण ती बदलतो आणि आपल्याला ते कळत नाही. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला देऊन ती काही वेळाने पुन्हा सांगायला लावली. १९३२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. प्रत्येक वेळी कथा आखूड होत गेली, अनोळखी तपशील ओळखीचे झाले, डोंग्याची साधी बोट झाली, भुतं तर कित्येकांच्या सांगण्यातून नाहीशीच झाली. पुस्तकावर टीका करताना हे लक्षात ठेवा. ‘नायिका काही कारण न देता घर सोडते’ असं लिहिण्याआधी ते पान उघडून बघा. कारण दिलेलं असतं आणि आपण ते विसरलेलो असतो, असं माझ्याकडे येणाऱ्या परीक्षणांत नेहमी सापडतं.

नोंद कधी करावी? त्याच दिवशी. पुस्तक संपलं की मिटून बाजूला ठेवा आणि न उघडता दहा मिनिटं आठवेल ते लिहा. मगच उघडा आणि आठवलेल्या जागा शोधा. पुस्तक मिटून आठवण्याचा भाग टाळू नका. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के मजकूर होता, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. सहा महिन्यांपूर्वीच्या पुस्तकाबद्दल तुम्हाला ‘छान’ एवढंच आठवतं, त्याचं कारण बहुधा इथे आहे. ते पुस्तक तुम्ही कुणाला कधी सांगितलंच नाही.

वाचताना मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने पानाचा आकडा आणि दोन शब्द लिहितो. ‘११४ दोरी’, ‘२०३ खोटं वाटतं’, एवढंच. पुस्तक दुसऱ्याचं असेल तर चिठ्ठीवर. वाक्यांखाली रेघा ओढणं मी सोडून दिलं, कारण दोन वर्षांनी रेघ दिसते, पण ती का ओढली ते आठवत नाही. ऐकण्याच्या पुस्तकात पान नसतं, तिथे प्रकरण आणि प्रसंग लिहून ठेवला तरी चालतं. निवाडा मात्र त्याच रात्री देऊ नका. नोंद ताजी हवी, निवाडा एक रात्र मुरलेला हवा.

न आवडलेल्या पुस्तकाबद्दल गप्प बसू नका. फक्त तीन गोष्टी वेगळ्या करा: पुस्तक कमी पडलं, मला झेपलं नाही, किंवा मी चुकीच्या वेळी वाचलं. तिन्ही वेळा मनात ‘कंटाळा’च उमटतो, म्हणून गल्लत होते. पुस्तक कमी पडलं म्हणायचं तर ते काय करू पाहत होतं हे आधी सांगावं लागतं. विनोदी पुस्तकाने हसवलं नाही, ही तक्रार रास्त. त्याने अंतर्मुख केलं नाही, ही रास्त नाही, ते त्याने कबूलच केलं नव्हतं. अर्धवट सोडलंत तर तसं सांगा आणि कोणत्या पानावर सोडलंत तेही सांगा. ‘नव्वदाव्या पानापर्यंत तीच तीच चार माणसं तेच बोलत होती, म्हणून ठेवून दिलं’ हे प्रामाणिक आणि उपयोगी मत आहे. ऐकणाऱ्याला तेच बोलणं आवडत असेल तर तो उचलेल. लेखक ओळखीचा असेल तर पहिल्याच वाक्यात सांगून मोकळे व्हा.

कोणती आवृत्ती वाचलीत आणि कोणाचा अनुवाद, हे सांगायला मी एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका अनुवादित कादंबरीबद्दल मी ‘लेखकाची शैली रुक्ष आणि अडखळती आहे’ असं छापलं. काही वर्षांनी त्याच कादंबरीचा दुसरा अनुवाद हाती आला. तीच पानं, तेच प्रसंग, आणि वाक्यं पाण्यासारखी वाहत होती. दोष मी लेखकाच्या माथी मारला होता, तोही मूळ भाषेतलं एक अक्षर न वाचता. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून अनुवादकाचं नाव घेतल्याशिवाय मी अनुवादित पुस्तकाच्या भाषेबद्दल बोलत नाही.

आवृत्तीचंही तसंच. हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ ही कादंबरी १८५१ साली आधी लंडनमध्ये निघाली, ‘द व्हेल’ या नावाने, आणि त्या आवृत्तीतून उपसंहार गळला. निवेदक जिवंत कसा राहतो, हे त्याच उपसंहारात होतं. इंग्रज परीक्षकांनी साहजिकच विचारलं, जहाजासकट सगळे बुडाले तर ही गोष्ट सांगतो आहे कोण? न्यूयॉर्कच्या आवृत्तीत उपसंहार होता. त्या परीक्षकांचं वाचन चुकलं नव्हतं, त्यांच्या हातातली प्रत अपुरी होती. आपल्या भाषेतलं उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी तो प्रसिद्ध केला, पण मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून तयार केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ साली आली. मी हे पुस्तक या पावसाळ्यात पुन्हा वाचलं. माझं मत असं की, १८५७ च्या धामधुमीबद्दलचं हे पुस्तक थोर ठरतं ते घाबरलेल्या माणसाच्या नजरेमुळे. झाशी पडते तेव्हा हा माणूस शहरातच आहे, लढणाऱ्यांत नाही. त्याला जीव वाचवायचा आहे, कमावलेलं सांभाळायचं आहे, आणि घरी आईवडील वाट बघताहेत. हे मत भाषेच्या धाटणीवर उभं आहे, म्हणून मी कोणती आवृत्ती वाचली हे सांगितलं नाही तर त्याला अर्थ नाही. मी पोतदारांची वाचली.

शेवटी शिफारस. ‘सर्वांनी वाचावं’ हे वाक्य मी लिहिणाऱ्यांना खोडायला लावतो, कारण असं पुस्तक मला अजून भेटलेलं नाही. कोणाला आवडेल आणि कोणाला नाही, हे सांगा. ‘घटनांपेक्षा माणसांच्या गप्पांत रमणाऱ्याला आवडेल, उत्तर हवं असणारा वैतागेल.’ तारे देत असाल तर द्या, पण त्यांच्या शेजारी एक पान तरी ठेवा. तीन तारे देणाऱ्या दोघांनी दोन वेगळ्या कारणांनी ते दिलेले असतात.

तुमच्या अकरा पुस्तकांतलं ज्याच्याबद्दल बोलताना सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते आधी घ्या. ज्याच्याबद्दल भरभरून बोलता येतं ते राहू द्या. मिटल्या पुस्तकानिशी दहा मिनिटं लिहा, मग उघडून ती जागा शोधा. सापडली की तुमच्या मित्राला ‘छान आहे’ म्हणू नका, ते पान मोठ्याने वाचून दाखवा आणि तिथे तुम्हाला काय झालं ते दोन वाक्यांत सांगा. तो म्हणाला की मला तर ही जागा खोटी वाटते, तर पुस्तक त्याच्या हातात द्या आणि विचारा, कुठे?